चावी

पहाटे सव्वाचारला सेटलमेंटच्या गल्लीत
मी वॉल्व्हला चावी लावतो, आणि कान देतो.
पाच दिवसांनी नळ आधी खोकतो, मग हवा सोडतो,
मग कुठल्यातरी दारातून हाळी येते,
तण्णी!
घागरी, हंडे, पिंपांचे ढोल.
पलीकडे विणकरांच्या बोळात तेच नीळ्ळू होतं,
वळणावरच्या लिंगायतांकडे नीरू,
पाइपलाइन एकच.
माझ्या वहीत यातलं काही लिहायचं नसतं.
फक्त वेळ आणि प्रेशर.

गेल्या महिन्यात बिराजदारांची शाल्मली आली,
विद्यापीठातून, फोनमध्ये कैकाडी भरून न्यायला.
गोजराआत्या तुराट्या भिजवत बसलेली.
"टोपलीला काय म्हणता?"
"कुठल्या टोपलीला?" आत्या म्हणाली.
"कोंबड्या झाकायच्या, भाकरी ठेवायच्या,
शेण उचलायच्या, का लेकरू निजवायच्या?"
एका शब्दाला तीन चहा झाले.

मग लिंगाचं निघालं.
माणसं तेवढी तो आणि ती, आत्या म्हणाली,
बाकी दगड, गाढव, मोटार, भूक
सगळं एकाच दावणीला.
मला तिसरीचा वर्ग आठवला.
"गुरुजी, चिमणी आला," म्हणालो होतो.
अख्खा वर्ग हसला,
आणि चिमणी बाई असते
हे मला छडीनं समजावलं.
अजून साहेबापुढे बोलताना
वॉल्व्ह तो का ते, यावर माझी जीभ
एक क्षण अडते.

"आणि 'आम्ही'ला?"
आत्याचा हात थांबला.
"दोन हायेत. एक, तुला सोडून आम्ही.
दुसरा, तुझ्यासकट."
शाल्मली हरखली. "म्हणजे आम्ही आणि आपण!
हिंदीत नाही हो हे. मराठीनं हे
तुमच्या-आमच्या बाजूच्या भाषांकडूनच
उचललं म्हणतात."
"उचललं?" आत्या म्हणाली,
"मग कंप्लेंट केली का कुणी?"

हसलो आम्ही. ती नाही हसली.
तिची आई तारेच्या आत जन्मली होती.
दिवसातून तीनदा हजेरी,
बाजाराला जायचं तर चिठ्ठी,
गावात कुणाची कोंबडी हरवली की
आधी इथली खोपटं उपसायची.
शिपायासमोर पहिलाच शब्द वापरायचा, आत्या म्हणाली,
तुला सोडून. तुला सोडून.
दुसरा रात्री, चूल विझल्यावर,
पोरांच्या कानात.

"सांगा ना दोन्ही," शाल्मलीनं फोन पुढे सरकवला.
पहिला आत्यानं लगेच सांगितला, दोनदा, नीट.
दुसऱ्याच्या वेळी तिनं फोनकडे बघितलं,
मग माझ्याकडे,
आणि तुराटी दातांत धरून म्हणाली,
"त्यो मागनं."

मीही इथं तो लिहीत नाही.
पहिलाही नाही.
नळाचा शब्द लिहिला, कारण तो रस्त्यावरच पडलेला असतो.

पुढच्या पाळीला शाल्मली अंधारातच आली,
हाळी रेकॉर्ड करायची म्हणून.
त्या दिवशी टाकीच अर्धी होती.
मी दोन फेरे जास्त दिले तरी धार करंगळीएवढी.
रांगेत वादावादी, कुणाचं पिंप लवंडलेलं,
आणि आत्याचा तांब्याचा हंडा
तिच्या एकटीच्या कंबरेला न पेलणारा.
"धर गं," ती ओरडली,
आणि पुढे एक अख्खं वाक्य, कैकाडीत,
भरधाव, शिवीसकट.
त्यात होता तो. दुसरा.

शाल्मलीचे दोन्ही हात हंड्याच्या काठाला.
फोन खिशात.
ती उंबऱ्यापर्यंत गेली पाणी सांडत,
तिला ऐकू आलं का नाही, मी विचारलं नाही.

वहीत लिहिलं :
चार बावन्न. प्रेशर कमी.